पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला

महाड-पोलादपूरकडे कुत्र्याला फिरायला न्यायची रीत नाही. कुत्रा आपला आपण फिरतो. उजाडलं की अंगणाबाहेर पडतो, चार घरं करतो, कुणाच्या तरी म्हशींमागे ओढ्यापर्यंत जातो आणि भाकरीच्या वेळेला दारात हजर होतो. त्यामुळे पहाटे अंधारात टॉर्च घेऊन, पट्टा धरून चाललेला माणूस दिसला की लोक आधी थांबून बघायचे. एका आजोबांनी विचारलंच, "तिला एकटीला वाट गावत नाय काय?"

वाट तिलाच गावते. मी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असतो, आणि हे पुस्तक त्या टोकावरून लिहिलेलं आहे.

भुरी ही गावठी कुत्री. तिच्याबरोबर पहाटे चालताना जे प्राणी-पक्षी दिसले, ऐकू आले, किंवा नुसते येऊन गेल्याचे कळले, त्यांच्या या नोंदी आहेत. त्यांना जंगलातल्या नोंदी म्हणवत नाही. रायगड जिल्ह्यातली नावाजलेली अभयारण्यं म्हणजे पनवेलजवळचं कर्नाळा (१९६८) आणि मुरूड-रोह्याकडचं फणसाड (१९८६). आमचे दोन्ही तालुके त्यांच्यापासून लांब. घाट चढून पलीकडे गेलं की कोयनेचं अभयारण्य लागतं, पण ते साताऱ्याचं. खाली आमच्या वाट्याला आहे ती महाबळेश्वरावरून उतरणारी सावित्री, तिला येऊन मिळणाऱ्या काळ आणि गांधारी, भाताची खाचरं, त्यांच्या वरची वरकस जमीन, मालकीची राई, वनखात्याचे तुकडे, महाडची औद्योगिक वसाहत आणि या सगळ्यातून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग. इथला प्राणी कुठल्याही हद्दीच्या आत राहत नाही. तो वालाच्या शेतातून जातो, शाळेमागच्या वहाळाचं पाणी पितो, आणि माणसं उठायच्या आत निघून जातो.

पहाटेचं महत्त्व एवढ्यातच आलं. साडेपाच ते साडेसहा हा तास म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर रात्रपाळी सुटून दिवसपाळी आत शिरते तसला असतो. रातवा अजून आवाज करत असतो आणि रानकोंबडा आरवायला लागलेला असतो. उदमांजर आंब्याच्या ढोलीकडे परतत असतं, मुंगसाचा दिवस अजून सुरू व्हायचा असतो. पिंगळ्याची जोडी शेवटचं भांडून घेते. उजाडायच्या आधी कोतवाल बोलतो, मग दयाळ. पावसाळ्यात ओढ्याकाठी या सगळ्यांच्या आधी शीळकरी कस्तूर सुरू झालेला असतो, आणि त्याची शीळ पहिल्यांदा ऐकणारा पाहुणा हमखास विचारतो की एवढ्या सकाळी ओढ्यावर कोण पोरगं आलंय.

पण हे सगळं एकट्या माणसालाही ऐकता येतं. कुत्र्याने काय वाढवलं, हे सांगायचं तर हवेपासून सुरुवात करावी लागेल. रात्री डोंगरउतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि घळीघळीने खाली सरकते. डिसेंबर-जानेवारीत सावित्रीच्या खोऱ्यावर जे धुकं बसतं, ते या गार हवेचंच दिसणारं रूप. वर ऊबदार हवा, खाली गार, त्यामुळे पहाटे जमिनीलगतची हवा ढवळत नाही आणि वास जिथल्या तिथे राहतो. दवाने भिजलेली माती आणि पालापाचोळा तो धरून ठेवतात. ऊन वर आलं, उतार तापला, की हवा उलटी वर चढायला लागते आणि वास विरतो. माणसाला याचा पत्ताच नसतो. भुरी मात्र एकाच घळीच्या तोंडाशी सकाळी सहाला खिळून उभी राहते आणि साडेआठला तिथूनच बेफिकीर निघून जाते. घळीत रात्रभर जे काही होतं त्याची बातमी सहा वाजता खाली येत असते, एवढाच त्याचा अर्थ.

तिची भाषा कळायला वेळ लागला, पण कठीण नव्हती. मुंगूस किंवा घोरपड असेल तर शेपटी ताठ होते आणि पट्टा ओढला जातो. रानडुकरांचा कळप गेला असेल तर ती उकरलेल्या बांधावर नाक फिरवत आडवी-तिडवी चालते. जवादी मांजर आणि उदमांजर यांच्या ठरलेल्या जागा असतात: एखादा सपाट दगड, गडग्याचा माथा, मोरीचा कठडा. तिथे भुरी थांबते आणि मीही थांबतो, कारण उदमांजराची विष्ठा हे त्या महिन्याचं फळांचं पंचांगच. कधी भेर्ली माडाच्या बिया, कधी करवंदाच्या, कधी जांभळाच्या. ओढ्यातल्या खडकावर माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचा चुरा असेल तर ते पाणमांजर. फुटलेल्या वारुळापाशी ती नुसती फुरफुरते. साळिंदराचा काटा मात्र तिने एकदाच हुंगला, आणि त्यानंतर काटा दिसला की लांबून वळसा घेते.

भेकराची गंमत वेगळी. भेकर हे लहानसं हरीण धोका जाणवला की भुंकतं, आणि ते भुंकणं एका दमात संपत नाही. कधी कधी अर्धा-पाऊण तास थांबून थांबून चालू राहतं. कुत्र्याच्या भुंकण्याच्या इतकं जवळचं, की भुरी कान टवकारून उत्तर द्यावं की नाही अशा पेचात पडते. मलाही त्या आवाजाने पेचात टाकलेलं आहे, कारण भेकर भुंकतंय ते आमच्यामुळे की आणखी कुणामुळे, हे दर वेळी सांगता येत नाही.

आणि तो 'आणखी कुणी' असेल तेव्हा भुरी भुंकतच नाही. मानेवरचे केस उभे राहतात, शेपटी पायांत जाते, आणि ती माझ्या दोन पायांच्या मध्ये येऊन बसते. ओढून पुढे येत नाही. अशा दिवशी आम्ही परत फिरतो.

इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. सकाळच्या फेरीला कुत्रा बरोबर असला की सोबत असते, असं शहरातून आलेल्या मंडळींना वाटतं. बिबट्याच्या लेखी मात्र पट्ट्याच्या पुढच्या टोकाला जेवण असतं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यात असं दिसलं की बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या भक्ष्यापैकी वजनाच्या हिशेबाने सुमारे ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. अकोल्यातला तो मुलूख उसाचा आणि बागायती, आमचा डोंगरउताराचा. इथे भेकर, डुक्कर, वानर यांची अजून तेवढी वानवा नाही. तरी पोलादपूरच्या वाड्यांवर 'वाघरू आलं होतं' ही बातमी बहुतेक वेळा कुणाचा तरी कुत्रा गेल्याचीच बातमी असते. म्हणून आमचे नियम साधे आहेत. उजेड फुटू लागल्याशिवाय गावाची शेवटची घरं ओलांडायची नाहीत. पट्टा आखूड ठेवायचा. दाट करवंदीच्या जाळीला लागून चालायचं नाही. आणि तोंडाने काहीतरी बोलत राहायचं, मग ते भजन असो की भुरीला दिलेल्या शिव्या. बोलत राहिल्याने प्राणी कमी दिसतात हे मान्य. ज्याला जास्त दिसायला हवेत त्याने कुत्रा घरी ठेवावा.

नदीचे नियम याहून कडक. महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत, हे शहरातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, तेव्हा शोधकार्याच्या बातम्यांमधून या मगरी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाल्या. आपल्या नद्यांतली मगर थंडीच्या दिवसांत ऊन खायला काठावर येते, पण ती ऊन चढल्यावर. पहाटे ती पाण्यात असते, आणि पाणी प्यायला वाकलेलं कुत्र्याएवढं जनावर तिच्या मापाचंच असतं. म्हणून या नोंदींमध्ये मगर आहे ती नेहमी पलीकडच्या काठावर, आणि भुरी आहे ती नेहमी उंच दरडीवर. भरतीचं पाणी खाडीतून जवळजवळ महाडपर्यंत चढतं. ओहोटीला काठाचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर पोट ओढत गेल्याचा पट्टा आणि दोन बाजूंना पंजे स्पष्ट उमटलेले असतात. चिखल वाचायला दरडीवरूनही येतो.

आतापर्यंत कुत्र्याचं कौतुक झालं. दुसरी बाजू न मांडता पुस्तक पुढे सरकवणं मला पटणार नाही. २००७ साली सिडनीजवळच्या रानात बँक्स आणि ब्रायंट या दोघांनी एक सोपा प्रयोग केला. पायवाटेवरून कधी माणूस कुत्रा घेऊन गेला, कधी नुसता माणूस, कधी कुणीच नाही. आणि लगेच पक्षी मोजले. कुत्रा गेल्यावर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. नुसता माणूस गेला तर झालेला परिणाम याच्या निम्म्याहूनही कमी. कुत्रे पट्ट्याला बांधलेले होते, आणि ज्या वाटांवर कुत्रे रोज फिरवले जातात तिथेही पक्षी त्यांना सरावलेले नव्हते. भुरीने मला जे दाखवलं त्याच्या शेजारी तिने जे उठवून लावलं तेही आहे, आणि ते मला दिसलेलं नाही. जमिनीवर वावरणारे पक्षी (सकोत्री, लावे, रानकोंबड्या) या नोंदींत फार कमी आहेत. त्यावरून ते इथे कमी आहेत असं कुणी म्हणू नये. आमच्यापासून ते लांब होते एवढंच त्यातून कळतं.

मोकळ्या कुत्र्यांचं प्रकरण याहून गंभीर आहे. चंद्रिमा होम, यशवीर भटनागर आणि अबी वनक यांनी २०१८ मध्ये भारतभरातल्या माहितीवरून दाखवून दिलं की कुत्र्यांनी हल्ले केलेल्या वन्य प्राण्यांच्या ८० जाती निघाल्या आणि त्यांतल्या ३१ धोक्यात असलेल्यांच्या यादीतल्या होत्या. त्याच वर्षी गीरमध्ये सिंह पटापट मेले. त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला, जो कुत्र्यांचाही आजार आहे. रेबीजची लस टोचून घेणारे लोकही डिस्टेंपरची टाळतात, कारण तो आजार माणसाच्या जिवावर उठत नाही. पण कुत्रा ज्या दगडावर हुंगतो त्याच दगडावर रात्री कोल्हा आणि जवादी मांजर येऊन गेलेलं असतं. लसीचं कार्ड पूर्ण नसेल तर कुत्र्याला रानाच्या कडेला नेऊ नये, असं माझं मत आहे आणि ते मी कुणाच्याही ओसरीवर बसून सांगतो.

कुत्रा आणि गिधाड यांची गोष्ट तर आमच्या भागाला फारच लागू आहे. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे नव्वदच्या दशकात देशातली गिधाडं भराभर मेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची तर ९९ टक्क्यांहून अधिक घट झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गिधाडं गेल्यावर मेलेल्या ढोरांवर कुत्रे पोसले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्या काळात देशातले कुत्रे सुमारे ५५ लाखांनी वाढले असावेत असा अंदाज केला होता. महाडच्या 'सिस्केप' संस्थेने, प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या साथीदारांनी, शेजारच्या म्हसळा तालुक्यातल्या चिरगावची गिधाडं जपायचं काम वर्षानुवर्षं केलं, ते या पार्श्वभूमीवर. तेव्हा महाडकडे आकाशात गिधाड दिसलं की मी वर बघतो, आणि मग एकदा भुरीकडेही बघतो.

(महाड तालुक्यातला सर्वांत प्रसिद्ध कुत्रा रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीसमोर दगडी चौथऱ्यावर बसलेला आहे. त्याच्या असण्याला समकालीन पुरावा नाही असं इतिहासाचे अभ्यासक सांगतात आणि त्यावरून वाद होतात. आमची कुत्री त्या मानाने निर्विवाद आहे.)

मराठीत रानाबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांच्या ओळीत हे पुस्तक बसत नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं. मारुती चितमपल्लींचं आयुष्य वनखात्यात, खऱ्या अरण्यात गेलं. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात जाऊन राहिले आणि वानरांच्या टोळ्यांवर त्यांनी 'सत्तांतर' लिहिली. त्यांच्याकडे थांबण्याची ताकद होती. आमच्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला, १९३० साली सालीम अलींनी सुगरणीच्या वसाहतीसमोर महिनोन् महिने बसून तिच्या विणीचा उलगडा केला. नर अर्धवट खोपा विणतो, मादी तो पसंत करते, मग नर तो पुरा करतो आणि दुसऱ्या खोप्याला लागतो, हे बसल्याशिवाय कळलंच नसतं. चितमपल्ली आणि सालीम अली या दोघांच्या जन्मतारखा जोडून, ५ ते १२ नोव्हेंबर, आपल्याकडे पक्षी सप्ताह साजरा होतो. कुत्रा बरोबर असलेल्या माणसाला असं बसता येत नाही. पाच मिनिटांत पट्टा ताणला जातो. म्हणून या पुस्तकात कुठल्याही प्राण्याचं पूर्ण चरित्र सापडणार नाही. जे आहे ते तुकड्यांत: एक शेपटी, एक आवाज, चिखलातलं एक पाऊल. मात्र वाट बहुतेक तीच, वेळ तीच, आणि तीही वर्षाच्या बाराही महिन्यांत. २०२३ मध्ये देशातल्या ९४२ जातींच्या पक्ष्यांचं जे मूल्यमापन प्रसिद्ध झालं ते तीस हजारांवर हौशी निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभं होतं. त्यातल्या पुष्कळशा नोंदी माझ्यासारख्या रोजच्याच वाटेवरून चालणाऱ्यांच्या असणार.

या वाटेवर मेलेले प्राणी जिवंतांपेक्षा सहज दिसतात, हे वाचकाला पहिल्या काही पानांतच जाणवेल. महामार्गाच्या कडेला पहाटे पोचलं की रात्रीचा हिशेब मांडलेला असतो. उदमांजर, ससा, धामण, कोल्हा, पावसाळ्यात बेडूक तर विचारू नका. आठ वाजेपर्यंत कावळे आणि मोकळी कुत्री तो पुसून टाकतात, त्यामुळे गाडीने जाणाऱ्यांना तो कधी दिसत नाही. कशेडी घाटातून बोगदा झाला, रस्ता रुंद झाला, प्रवासाचा वेळ वाचला आणि तो मलाही हवाच होता. पण चौपदरी रस्ता ओलांडायला उदमांजराला किती वेळ लागतो याचा अंदाज मला आता आला आहे, आणि तो गाड्यांच्या वेगाशी जुळत नाही. या नोंदी मी गाळल्या नाहीत. त्या वाचवत नसतील तर वाचकाने पान उलटावं.

त्याच्या उलट बिरवाडीच्या बाजूला काळ नदीवरचं वाळणकोंड. देवीच्या भरवशावर तिथले मासे पिढ्यान्‌पिढ्या कुणी धरत नाही, आणि डोहात मोठमोठे महाशीर निर्धास्त फिरतात. भुरीला मी तिथे काठापर्यंतही नेत नाही. वैज्ञानिक कारण काही नाही. तिथल्या मंडळींना आवडणार नाही, एवढं मला पुरतं.

माहीतगारांविषयी एक गोष्ट. पायखुणांबद्दल मला जे समजलं त्यातलं बरंच कातकरी वाडीवरच्या आणि डोंगरातल्या गवळी-धनगर वस्तीवरच्या माणसांनी शिकवलं. त्यांची नावं इथे नाहीत, ती त्यांच्याच इच्छेने. ठिकाणांचंही तसंच. गावांची नावं आहेत तिथे प्राणी सगळ्यांना माहीत असलेला आहे, उदाहरणार्थ महाडची मगर. खवले मांजराच्या नोंदीत मात्र मी गाव, ओढा, डोंगर, महिना, सगळंच बदललं आहे. २०१६ मध्ये या प्राण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जगाने पूर्ण बंदी घातली, आपल्याकडे तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि तरीही त्याच्या खवल्यांसाठी शिकारी कोकणभर हिंडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावोगाव जाऊन त्याच्यासाठी काम केलं आहे. ज्याला तो खरंच जपायचा आहे त्याने तिकडे जावं, माझ्या पुस्तकात वाट शोधू नये.

नोंदींचा क्रम जूनपासून आहे. इंग्रजी वर्षाची सुरुवात आमच्याकडे निसर्गात कुठेच होत नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे उलट्या प्रवाहाने खाचरांत चढतात आणि त्यांच्यामागे सगळं गाव, बगळे आणि धामणी एकदमच बाहेर पडतात, सुरुवात तिथून. जुलै-ऑगस्टच्या नोंदी तुटक आहेत. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे वही कोरडी राहत नाही, आणि भुरीला छत्रीचा राग आहे. २०२१ च्या जुलैची पानं मी मुद्दाम छोटी ठेवली. तळीयेची दरड आणि महाडचा पूर यांच्या त्या दिवसांत प्राण्यांकडे बघायची कुणाचीच मनःस्थिती नव्हती. पाणी उतरल्यावर घराघरांत निघालेल्या सापांचा तेवढा उल्लेख आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर भातकापणीचे, म्हणजे डुकरांचे आणि राखणीचे. फेब्रुवारीत काटेसावर फुलते आणि एकाच झाडाखाली उभं राहून अर्धा डझन जातींचे पक्षी मोजता येतात. मार्चपासून वणवे लागतात आणि वाट दर आठवड्याला बदलावी लागते. मेमधल्या नोंदी सर्वांत लांब आहेत. तेव्हा वरच्या ओढ्यांतले मोजके डोह तेवढे उरतात, साऱ्या रानाच्या पायखुणा त्यांच्याच काठाला सापडतात, आणि भुरीला तिथून हलवायला फार वेळ लागतो.